जेम्स बरोज यांचा एक भाग दिग्दर्शकाच्या नजरेनं कसा पाहावा

मी सांगलीत कॉलेजच्या मुलांच्या एकांकिका बसवते. ब्लॉकिंग, म्हणजे रंगमंचावर नटानं कुठे उभं राहायचं, कधी हलायचं ते, शिकवायचं असलं की त्यांना जेम्स बरोज यांनी दिग्दर्शित केलेला 'चिअर्स' या अमेरिकन विनोदी मालिकेचा पहिला भाग बघायला लावते. अमेरिकन टीव्हीवर हजारावर भाग दिग्दर्शित केलेला हा माणूस मुळात रंगभूमीचा आहे. वडील एब बरोज न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीचे नामवंत लेखक-दिग्दर्शक. येल विद्यापीठात नाट्यशिक्षण, मग नाटकांचं रंगमंच-व्यवस्थापन, आणि सत्तरच्या दशकात अभिनेत्री मेरी टायलर मूर यांच्या निर्मितीसंस्थेतून टीव्ही. म्हणून त्यांचं काम नाटकवाल्यांनी तरी नाटकासारखंच बघावं.

पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. ३० सप्टेंबर १९८२ ला दाखवलेला हा भाग बॉस्टनमधल्या एका बारमध्येच घडतो. डायन या तरुणीला तिथे बसवून तिचा प्राध्यापक प्रियकर अंगठी आणायला जातो आणि ती वाट बघत राहते. ती कुठे बसते, कधी उठते, बारमालक सॅमच्या काउंटरपासून किती अंतरावर थांबते, एवढंच कागदावर काढा. त्या रेघांमधून गोष्ट कळायला लागते. ती बाहेरची बाई म्हणून आत येते आणि शेवटी गिऱ्हाइकांची ऑर्डर घेते. मग नॉर्म या रोजच्या गिऱ्हाइकाची एन्ट्री बघा. दारातून त्याच्या ठरलेल्या स्टुलापर्यंतचं अंतर हे त्याच्या विनोदाचं माप आहे. त्याला विचारलेला प्रश्न, त्याचं उत्तर आणि हशा, तिन्ही त्या चालीत बसतात. आपल्याकडे नट आधी जागेवर जाऊन उभा राहतो आणि मग वाक्य म्हणतो, तिथेच गंमत मरते.

दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. चित्रीकरण चालू असताना बरोज मॉनिटरला चिकटून बसत नाहीत, कॅमेऱ्यांच्या मागे फिरत संवाद ऐकतात, अशी त्यांची ख्याती आहे. समोर खरे प्रेक्षक बसलेले असतात. हशा कुठे चढतो, कुठे उतरतो आणि पुढचं वाक्य नेमकं कधी येतं, ते टिपा. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलं तर लय तुटते, घाई केली तर वाक्य बुडतं. हे कानानंच शिकावं लागतं, आणि नवख्या नटाला शिकवायला याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

तिसऱ्यांदा फक्त ऐकणाऱ्यांचे चेहरे बघा. त्या काळी प्रेक्षकांसमोरच्या मालिकेला तीन कॅमेरे असायचे. १९७८ ला सुरू झालेल्या 'टॅक्सी' या मालिकेत गॅरेजचा सेट मोठा होता, पात्रंही बरीच. बरोज यांनी तिथे चौथा कॅमेरा आणला. सगळे कॅमेरे एकाच वेळी फिरत असल्यामुळे वाक्य आणि त्यावरची प्रतिक्रिया त्याच क्षणाची मिळते. कट बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर कधी जातो, ते लिहून काढा. माझ्या मते विनोदी नटाची खरी परीक्षा दुसऱ्याच्या वाक्यावर असते.

एवढं झालं की 'फ्रेंड्स' मालिकेचा १९९४ चा पहिला भाग घ्या. तोही त्यांचाच. रॉस म्हणतो, मला परत लग्न झालेलं हवंय, आणि दार उघडून लग्नाच्या पोशाखातली, पावसात भिजलेली रेचेल आत येते. तो क्षण पुन्हा पुन्हा लावा. दार कुठल्या शब्दानंतर उघडतं? रॉस कुठे बसलाय? त्याच्याआधी कोण वळून बघतं?

आता आपल्या तालमीत तोच प्रसंग मराठीत उभा करा: एक टेबल, पाच जण, एक दार. नटांना आधी संवाद न बोलता तो चालून दाखवायला सांगा. प्रेक्षकाच्या जागी बसलेल्याला गोष्ट कळली, की मगच संहिता हातात द्या.