लिनियर अल्जेब्राचं पुस्तक घेण्याआधी कुठलं पान उघडायचं?

साताऱ्यात काय, सांगलीत काय, बी.एस्सी.ला लिनियर अल्जेब्रा आला की पहिली धाव गाइडकडे. पेपरपुरतं ते भागतं. पुढे जॅम (आयआयटी वगैरेंत एम.एस्सी.ला जायची प्रवेशपरीक्षा) द्यायची असेल तर मात्र एक धड पुस्तक लागतंच. आधी सिलॅबस बघा. शिवाजी विद्यापीठाचा आणि स्वायत्त कॉलेजचा सारखाच असेल असं धरून चालू नका.

लायब्ररीत दोन-तीन पुस्तकं टेबलावर घ्या आणि प्रत्येकात 'कॉलम स्पेस' (मॅट्रिक्सच्या कॉलमांना आकड्यांनी गुणून, बेरीज करून मिळणारे सगळे व्हेक्टर) शोधा. वहीत मॅट्रिक्स मांडा: पहिली ओळ 1, 2, दुसरी 2, 4. पहिलीची दुप्पट दुसरीतून वजा केली की उरतं 1, 2 आणि 0, 0. पिव्हट, म्हणजे ओळीतला पहिला शून्य नसलेला आकडा, पहिल्या कॉलममध्ये. इथेच हमखास घोळ होतो: कॉलम स्पेसचा बेसिस (ती उभी करायला पुरेसे, कमीत कमी व्हेक्टर) म्हणून (1, 0) लिहिला जातो. बरोबर उत्तर (1, 2). रो ऑपरेशनने (ओळींच्या अशा बेरीज-वजाबाकीने) रो स्पेस, म्हणजे ओळींपासून तशीच बनणारी स्पेस, तीच राहते, कॉलम स्पेस बदलू शकते. कॉलमांची आपापसातली नाती तेवढी टिकतात. म्हणून पिव्हटची जागा नव्या मॅट्रिक्समध्ये बघायची आणि कॉलम मूळ मॅट्रिक्समधून उचलायचा. हे 'का' जे पुस्तक सांगत नाही, ते परत रॅकवर.

मग 1, 1 आणि 0, 1 या ओळींचं मॅट्रिक्स. मॅट्रिक्सने गुणल्यावर जो व्हेक्टर आपल्याच रेषेवर राहतो तो आयगेनव्हेक्टर, आणि तो जितक्या पट होतो ती आयगेनव्हॅल्यू. इथे आयगेनव्हॅल्यू 1 दोनदा येते, पण आयगेनव्हेक्टर सगळे एकाच रेषेवर, त्यामुळे ते डायगोनलाइज होत नाही, म्हणजे फक्त कर्णावर आकडे असलेल्या रूपात आणता येत नाही. नुसती सरळ सुटणारी उदाहरणं देणाऱ्या पुस्तकावर विसंबू नका.

गणितं हाताने करून शिकायचं असेल तर गिल्बर्ट स्ट्रँग यांचं पुस्तक. त्यांची एमआयटीतली 18.06 या कोर्सची लेक्चर्स फुकट बघता येतात. अ‍ॅक्सलर यांचं पुस्तक सिद्धतांसाठी उत्तम, चौथी आवृत्ती लेखकानेच मोफत खुली केली आहे. पण त्यात डिटरमिनंट अगदी शेवटी येतो आणि आपल्याकडच्या पेपरात तो आधीच हवा असतो, त्यामुळे पहिलं पुस्तक म्हणून जड जाईल. हॉफमन-कुंझे यांचं पुस्तक एम.एस्सी.च्या तयारीला, पहिल्याच महिन्यात उघडून घाबरून जाण्यात अर्थ नाही.

जुनी प्रत स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या, थिअरी शिळी होत नाही. फक्त आवृत्ती बदलली की उदाहरणांचे नंबर सरकतात. सरांनी 'सेक्शन 3.2 मधलं 14वं' सांगितलं तर आधी त्यांच्या प्रतीतला मजकूर उतरवून घ्या.