फायबरच्या होडीची गेलेली चमक परत कशी आणावी

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर ओढलेल्या फायबरच्या होडीवर हात फिरवा. जुनी असेल तर बोटांना खडूसारखी पांढरी पूड लागते. फायबरच्या वर रेझिनचा गुळगुळीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. ऊन आणि खाऱ्या हवेने त्याचा वरचा पापुद्रा मरतो. तो काढला की खालचा चांगला जेलकोट पुन्हा चमकतो. मात्र हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणून सौम्य उपायापासूनच सुरुवात करा.

मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, होडी वर असतेच, पण हे काम भर पावसात नको. शेवटी लावायचं संरक्षक मेण ओलसर पृष्ठभागावर धरत नाही. मेअखेरीस होडी ओढली की लगेच, सकाळी, सावलीत करा. तापलेल्या जेलकोटवर कंपाउंड (मेलेला थर घासून काढणारी पेस्ट) वाळून चिकटतं.

आधी गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने मीठ, वाळू, शेवाळ पूर्ण धुऊन काढा. राहिलेला वाळूचा एक कणही घासताना ओरखडे पाडतो. वाळल्यावर नोंदणी क्रमांकावर आणि रंगीत पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा, नाहीतर तेही घासले जातील.

आता कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर नुसतं पॉलिश घासून बघा. चमक आली तर कंपाउंडची गरजच नाही. नाही आली तर रबिंग कंपाउंड घ्या. हाताने चालतं, पण अख्ख्या होडीला बफिंग मशिन आणि लोकरी पॅड बरं. दोन-दोन फुटांचा चौकोन घ्या, मशिन कमी वेगावर ठेवा आणि सतत फिरतं राहू द्या. एका जागी थांबलं की जेलकोट जळतो. कडांवर आणि कोपऱ्यांवर थर लवकर घासला जातो, तिथे हातानेच करा. चष्मा आणि मास्क लावाच.

कंपाउंडनेही भागलं नाही, तरच वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर. ८०० नंबरपासून, भरपूर पाणी वापरून, हाताने; मग १०००, मग १५००, आणि नंतर पुन्हा कंपाउंड. ओल्या कामाजवळ विजेचं मशिन आणू नका. घासताना खालचे फायबरचे धागे दिसू लागले किंवा जाळीदार तडे असले तर थांबा. तिथे पॉलिशचा उपयोग नाही, नवा जेलकोट किंवा रंगच लागतो.

कंपाउंडनंतर बारीक पॉलिश आणि शेवटी मेण. बरेच जण मेण वगळतात, आणि मोठी चूक तिथेच होते, कारण उघडा जेलकोट पुन्हा लवकर मळकट होतो. पातळ दोन हात द्या, प्रत्येक हात नीट सुकू द्या, मऊ कपड्याने पुसा. ज्यावर पाय ठेवता त्या डेकला मात्र मेण लावू नका, ओल्या पायांनी माणूस घसरतो. पाण्याखालच्या भागालाही नको, तिथे शेवाळ आणि तळाला चिकटणारे शिंपल्यांसारखे जीव रोखणारा रंग लागतो.

पुढे दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा. पाणी थेंब धरून घरंगळायचं थांबलं, पसरू लागलं, की मेणाचा नवा हात द्यायची वेळ झाली.