फ्रेंच-जर्मन पत्रकारितेच्या मास्टर्सला जायचंय? मग निघायच्या आधी एवढं करून घ्या

फ्रेंचही येतं, जर्मनही येतं आणि वर पत्रकारिताच करायचीये अशी मुलं आपल्याकडे आहेत, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या एकाच आवारात परकीय भाषा आणि पत्रकारिता दोन्ही शिकवतात, त्यामुळे मला त्याचं नवल वाटत नाही. पण या तिन्हीची मिळून डिग्री असते हे फार कमी जणांना माहीत असतं. एक आहे जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग युनिव्हर्सिटीची, दुसरी जर्मनीतल्या माइन्त्स आणि पॅरिसच्या सॉर्बोन नुव्हेल युनिव्हर्सिटीची. दोन्ही देशांत शिकायचं आणि दोन्हीकडची डिग्री घ्यायची. अशा कोर्सेसच्या मागे फ्रँको-जर्मन युनिव्हर्सिटी असते, तिला स्वतःचा कॅम्पस नाही, ऑफिस जर्मनीत झारब्र्युकेनला आहे, दोन्ही देशांच्या १९९७ च्या करारातून ती उभी राहिली आणि दुसऱ्या देशातल्या मुक्कामासाठी ती मुलांना दरमहा मदतही देते, त्यामुळे कोर्सचं पान वाचताना तिचं नाव आहे का ते आधी बघा.

आता भाषा. कोर्सची अट काय ते नीट वाचा, पण तयारी दोन्हीत सी-१ चीच ठेवा (युरोपातल्या ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली पाचवी), कारण इथे तुम्हाला नुसतं लेक्चर समजून चालत नाही, तासाभरात बातमी लिहून द्यावी लागते. दोनपैकी कच्ची कुठली ते तुम्हालाच माहीत असतं, सगळा वेळ तिलाच द्या. एक दिवस सकाळी डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओचं एक बुलेटिन ऐकायचं आणि त्याची चार ओळींची बातमी फ्रेंचमध्ये लिहायची, दुसऱ्या दिवशी फ्रान्स इन्फो हा फ्रेंच रेडिओ ऐकून जर्मनमध्ये. आकडे ऐकून लगेच लिहायचा सराव वेगळा करा, प्रेस कॉन्फरन्समध्ये आकडा कोणी दोनदा सांगत नाही.

पण माझ्या मते खरी तयारी वेगळीच आहे आणि ती इथे घरी बसून होते. एकच विषय दोन्ही बाजूंनी वाचायचा. बेळगावची एखादी बातमी मराठी पेपरात वाचली आणि मग कन्नड पेपरात वाचली तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको, फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या ऱ्हाईन नदीच्या काठावर तसंच आहे. फेसनहाइमचं अणुवीज केंद्र घ्या. ते फ्रान्सच्या हद्दीत पण नदीच्या अगदी काठाला, फ्रायबुर्ग तिथून जवळ. १९७७ पासून चालू होतं, २०२० मध्ये दोन्ही रिॲक्टर बंद झाले. पलीकडच्या जर्मन लोकांनी वर्षानुवर्षं ते बंद करा म्हणून आंदोलनं केली, त्यांच्यासाठी तो घराजवळचा धोका होता. फेसनहाइम गावासाठी मात्र तोच प्लान्ट म्हणजे नोकऱ्या आणि कराचं उत्पन्न. आता बंद झाल्याच्या दिवसांतल्या बातम्या शोधा, फ्रायबुर्गच्या बाडिशे त्साइटुंगमधल्या आणि स्ट्रासबुर्गच्या देर्निएर नुव्हेल दाल्झासमधल्या, शेजारी शेजारी ठेवा आणि बघा पहिल्या परिच्छेदात कोण बोलतंय, कोणाचा फोटो लावलाय, कुठली गोष्ट वाचकाला माहीतच आहे असं धरून चाललेत आणि कुठली समजावून सांगावी लागलीये. मग तीच बातमी तुम्ही दोन्ही वाचकांसाठी लिहून बघा. भाषांतर नाही, दोन वेगळ्या बातम्या. प्रवेशाच्या इंटरव्ह्यूमध्ये तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल ते यातूनच येणार आहे.

कामाच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. जर्मनीत मुलाखत छापायच्या आधी समोरच्याला वाचायला पाठवून मंजुरी घ्यायची पद्धत रुळलेली आहे, फ्रान्समध्ये ती तितकी मुरलेली नाही. आरोपीचं नाव जर्मन पेपर बऱ्याचदा पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर एवढंच देतात, फ्रेंच पेपरात पूर्ण नाव दिसायची शक्यता बरीच जास्त. म्हणून जर्मन प्रेस कौन्सिलची आचारसंहिता आणि फ्रान्सचा १८८१ चा प्रेस कायदा यांची तोंडओळख करूनच जा.

अर्जासोबत कामाचे नमुने लागले तर मराठीत छापून आलेलंही बिनधास्त लावा, त्याला फ्रेंच आणि जर्मनमध्ये पाच-पाच ओळींचं सार जोडा. मोटिव्हेशन लेटर दोन्ही भाषांत मागितलं तर दोन्ही वेगवेगळी बसून लिहा. मार्कांची पद्धतही लक्षात ठेवा, फ्रान्समध्ये २० पैकी मिळतात आणि १० ला पास, जर्मनीत १.० सगळ्यात चांगला आणि ४.० ला जेमतेम पास.

कागदपत्रांना मात्र लवकर लागा, हे सगळ्यात रखडतं. आधी कुठल्या देशात जायचंय त्यावर व्हिसा ठरतो. जर्मनी असेल तर एपीएस सर्टिफिकेट (तुमची शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) आणि ब्लॉक्ड अकाउंट (यातले पैसे तिथे दरमहा ठरावीकच काढता येतात), त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा आकडा बदलत असतो म्हणून भरायच्या आधी ताजा बघा. फ्रान्स असेल तर कॅम्पस फ्रान्स या फ्रेंच सरकारच्या संस्थेमधून जायचं, त्यांचा इंटरव्ह्यू असतो. आणि एका देशाच्या परमिटवर दुसऱ्या देशात एरवी १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, दोन युनिव्हर्सिटींच्या करारातून शिकणाऱ्यांसाठी युरोपियन नियमात ३६० दिवसांपर्यंतची वेगळी सोय आहे पण त्यासाठी आधी कळवावं लागतं, ते कोण कळवणार, तुम्ही की युनिव्हर्सिटी, हे कोऑर्डिनेटरकडून मेलवर लेखी घ्या.

पैशांचा हिशोब करताना दोन गोष्टी हमखास सुटतात. फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, तुमच्या कोर्सला सूट आहे का ते विचाराच. दुसरं, जर्मनीत घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचे भरावे लागतात, टीव्ही नसला तरी. रूममेट असतील तर घराचं एकदाच भरायचं आणि वाटून घ्यायचं. फ्रान्सने टीव्हीची अशी फी २०२२ मध्ये बंद केली.

इंटर्नशिपसाठी स्ट्रासबुर्गला आर्ते या फ्रेंच-जर्मन टीव्ही चॅनेलचं मुख्यालय आहे म्हणून सगळे तिकडेच बघतात, बघा जरूर, पण एखाद्या लोकल पेपरलाही मेल टाका, सीमेवरच्या बातम्या तिथेच असतात. स्ट्रासबुर्गमधून डी लाइनची ट्राम नदी ओलांडून जर्मनीत केल या गावाला जाते, २०१७ पासून. पोचलात की पहिल्याच शनिवारी त्या ट्रामने जा, फ्रान्समधून सिगरेट आणि साबण-शाम्पू घ्यायला केलला आलेली माणसं भेटतील, त्यांच्याशी बोला, मग दुकानदारांशी बोला आणि रात्री झोपायच्या आधी दोन्ही बातम्या लिहून टाका.