कपाळातून उगवलेले शिंग : खरा वाटणारा युनिकॉर्न कसा चितारावा

युनिकॉर्नचे, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेल्या काल्पनिक घोड्यासारख्या प्राण्याचे, चित्र पूर्ण झाले की त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि शिंग वगळून उरलेला प्राणी गिरवून पाहावा. त्या कागदावर एक धडधाकट, देखणा घोडा उतरला, तर चित्र फसले असे समजावे, कारण त्या प्राण्याला शिंगाची गरजच नव्हती आणि त्याच्या शरीराने शिंगासाठी काहीही मोजलेले नव्हते. खऱ्या प्राण्याचे तसे नसते. गव्याची शिंगे पुसली तरी त्याची मान, त्याचा खांदा आणि त्याचे कपाळ ‘इथे काहीतरी जड होते’ असे सांगत राहतात. म्हणून सुरुवात घोड्यापासून न करता शिंगाच्या मुळापासून करावी, आणि त्यासाठी सातारा-सांगलीच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही.

खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, तेथे वही घेऊन जावे. मालकाला विचारून बैलाच्या डोक्याजवळ उभे राहावे आणि पहिला तासभर फक्त शिंगाचे मूळ रेखाटावे. केस कोठे संपतात, कातडी कशी जाड आणि सुरकुतलेली होते, शिंगाच्या बुडाशी आडवी वळी कशी दिसतात आणि कपाळाचे हाड शिंगाकडे जाताना कसे उचलले जाते, हे छायाचित्रातून नीट कळत नाही. मात्र एक सावधगिरी बाळगावी. बाजारात किंवा बेंदराला दिसणाऱ्या बैलाची शिंगे साळून, तेल-हिंगूळ लावून गुळगुळीत केलेली असतात, आणि टोकाला शेंब्याही, म्हणजे धातूची टोपणे, चढवलेल्या असतात. रानात वाढलेल्या प्राण्याचे शिंग इतके नीटनेटके नसते. त्यामुळे शिंगे न साळलेल्या एखाद्या म्हाताऱ्या गाईचे शिंगही शेजारच्या पानावर काढून ठेवावे; युनिकॉर्नसाठी खरे तर तेच अधिक कामाचे आहे.

यानंतर आपले शिंग कोणत्या जातीचे, हे ठरवावे लागते. बैल, शेळी आणि काळवीट यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो, त्यावर केराटिनची (नखे ज्याची बनतात त्या द्रव्याची) खोळ असते आणि ते जन्मभर वाढत राहते. सांबर-चितळांचे शिंग निव्वळ हाडाचे असते. ते वाढताना मखमली कातडीने झाकलेले असते आणि काही काळाने गळून पुन्हा नव्याने उगवते. सागरेश्वर अभयारण्यात हे प्राणी पाहता येतात. गेंड्याच्या शिंगात हाडाचा गाभा नसतोच, ते सगळे केराटिनच असते. युरोपातील चित्रकारांनी ज्याच्यावरून युनिकॉर्नचे पीळदार शिंग घेतले, तो नारव्हाल देवमाशाचा सुळा आहे, म्हणजे शिंग नसून दात आहे. या चारांपैकी एक पर्याय निवडावा आणि शेवटपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहावे. गेंड्याचे शिंग निवडले, तर त्याचे बूड रुंद, खडबडीत आणि नाकाच्या हाडासारख्या भक्कम हाडावर टेकलेले हवे. कपाळाच्या मधोमध भाल्यासारखे उभे राहणे त्याला शोभणार नाही. माझी पसंती बैलाच्या शिंगाला आहे.

तेथे एक शास्त्रीय अडचण उभी राहते. सस्तन प्राण्याचे कपाळ दोन हाडांचे बनलेले असते आणि त्यांची शिवण नेमकी मधून जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी याच कारणावरून, दुभंगलेल्या खुरांच्या प्राण्याला कपाळाच्या मध्यावर शिंग येणे अशक्य आहे, असे प्रतिपादन केले होते. परंतु वासराच्या शिंगाचा कोंब सुरुवातीला कवटीत नसून कातडीत असतो आणि नंतर खालच्या हाडाला चिकटतो. अमेरिकेतील मेन विद्यापीठात फ्रँकलिन डव्ह यांनी १९३३ मध्ये एका नवजात वासराचे दोन्ही कोंब हलवून कपाळाच्या मध्यावर एकत्र बसवले. ते एकजीव होऊन एकच भक्कम शिंग वाढले, आणि मोठेपणी तो बैल त्या शिंगाने कुंपण उचलून खालून जात असे, अशी नोंद डव्ह यांनी केली. चित्रकाराला यातून फार मोठी सोय मिळते : आपल्या प्राण्यात हे दोन कोंब निसर्गतःच एकत्र आले, असे मानावे. मग शिंगाच्या पुढच्या बाजूने बुडापासून वर जाणारी एक उथळ खाच काढावी आणि कपाळावर, शिंगाच्या दोन्ही अंगांना, हाडाचा हलका उंचवटा दाखवावा. एवढ्या दोन खुणांनी शिंग चिकटवलेले न वाटता उगवलेले वाटू लागते.

पीळ द्यायचा असेल तर विचारपूर्वक द्यावा. काळविटाची दोन शिंगे एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखी पिळलेली असतात. एकच शिंग असेल तेव्हा तो तोल उरत नाही आणि पीळ एका बाजूला झुकतो. नारव्हालच्या सुळ्याचा पीळ नेहमी डावीकडेच असतो. तेव्हा आपल्या कळपातील सगळ्या प्राण्यांचा पीळ एकाच दिशेचा ठेवावा. नुसत्या शोभेसाठी जिन्यासारखा पीळ काढण्यापेक्षा आडवी वळी काढणे मला अधिक बरे वाटते.

आता खरा खर्च शरीराचा. लांब शिंग हे तरफेसारखे काम करते, त्यामुळे टोकाला बसलेला धक्का सगळा मानेवर येतो. कोयना-चांदोलीच्या रानातील गव्याच्या खांद्यावर जो उंच कणा दिसतो, तो पाठीच्या मणक्यांवरच्या लांब हाडी काट्यांमुळे असतो आणि डोके पेलणाऱ्या स्नायूंना त्याचा आधार मिळतो. युनिकॉर्नला घोड्याची सडपातळ, कमानदार मान देण्याऐवजी बुडाशी रुंद मान आणि उंच खांदा द्यावा. खिलारचे वशिंड मात्र उचलू नये. ते मुख्यतः स्नायू आणि चरबीचे असते, हाडाचे नव्हे, आणि ते दिले की प्राणी लगेच बैल दिसू लागतो.

ऐटीत उभा असलेला युनिकॉर्न काढण्याआधी चरणारा युनिकॉर्न काढावा, कारण चुका तेथेच उघड्या पडतात. शिंग तोंडाच्या दिशेने पुढे झुकलेले असेल, तर मान खाली घालताच त्याचे टोक मातीत रुतते. कपाळाशी काटकोनात असेल, तर समोरच्या झुडपात अडकते. शिंग किंचित मागे कललेले ठेवले, किंवा त्याची लांबी डोक्याच्या लांबीपेक्षा कमी ठेवली, तर प्राणी पोटभर खाऊ शकतो. ग्रीक वैद्य टेसियस याने भारतातील एकशिंगी रानगाढवांचे वर्णन करताना शिंग हात-दीड हात लांब सांगितले आहे, ते ऐकीव असले तरी मापाला वाईट नाही. घोड्याला स्वतःच्या कपाळासमोरचा थोडा भाग दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे. शिंगाचे टोक दिसावे असे वाटत असेल, तर डोळे थोडे पुढे घ्यावेत किंवा डोके किंचित वळवून पाहण्याची सवय त्याला द्यावी. ही वळलेली मान चित्रात फार जिवंत दिसते.

खुरांबाबत थोडक्यात सांगायचे तर, बैलाचे शिंग घेतले की दुभंगलेले खूर घ्यावेत. मग वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात आणि रवंथ करणाऱ्या प्राण्याचे भरदार पोटही येते.

रंग पांढराच हवा का, हा प्रश्न हमखास येतो. दाट जंगलात पांढरा प्राणी दुरून उठून दिसतो, पण माण, आटपाडी, जतच्या उघड्या माळावर पांढरट-करडी खिलार जनावरे उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वावरत आली आहेत. शुभ्र रंग टाळून तोच मळकट पांढरा घ्यावा, नराचा पुढचा भाग थोडा काळसर ठेवावा आणि सावलीत निळ्याऐवजी मातीचा तांबूस रंग मिसळावा.

शेवटी एका प्राण्यावर न थांबता एका कागदावर चौघे काढावेत. शिंगरू, ज्याच्या कपाळावर अजून केसांच्या भोवऱ्याखाली नुसता टेंगूळ आहे (मराठीत घोड्याच्या पिलाच्या नावात शिंग आहे, कपाळावर मात्र नाही). आखूड, बारीक शिंगाची मादी. भर वयातला नर. आणि टोक मोडलेला म्हातारा, ज्याच्या शिंगाची एक बाजू झाडाच्या सालीवर घासून गुळगुळीत झाली आहे. ती घासलेली सालही त्याच कागदावर, त्याच्या शिंगाच्या उंचीला, काढावी.