बेरेझिनाचं चित्र पुलापासून वाचा

नोव्हेंबर 1812 मध्ये रशियातून माघारी फिरलेल्या नेपोलियनच्या फौजेने बेरेझिना नदी ओलांडली. हा प्रसंग एकोणिसाव्या शतकात अनेकांनी रंगवला. अशा चित्रात नजर आधी गर्दीवर आणि पडलेल्या घोड्यांवर जाते. ती तिथून काढा आणि पुलाच्या पायांशी न्या.

पाय म्हणजे सुताराच्या असतात तशा लाकडी घोड्या, पूल दोन, प्रत्येक पुलाला 23. पुलाखाली होड्या दिसल्या, तर चित्रकार चुकला. पुलासाठीच्या होड्यांचा ताफा आधीच वाटेतल्या ओर्शा गावी जाळला होता. पूल बांधणाऱ्यांचा प्रमुख जनरल एब्ले याने हत्यारं-खिळ्यांचे सहा गाडे, कोळशाचे दोन आणि दोन फिरत्या लोहारभट्ट्या तेवढ्या वाचवल्या. लाकूड मिळालं ते स्टुडिएंका गावातली घरं पाडून. तेव्हा एका मापाच्या, ताज्या तासलेल्या फळ्या दिसल्या की शंका घ्या. तिथे घरांचे वासे आणि तुळयाच हव्यात.

मग पूल कुठवर आलेत ते बघा. अर्धवट असतील, तर 26 तारखेची सकाळ. पायदळाचा पूल त्या दुपारी एकला खुला झाला, तोफांचा चारला. पुलावर चेंगराचेंगरी असेल तर बहुधा 28. पूल पेटलेला असेल तर 29 ची सकाळ, नऊच्या सुमाराची.

पाण्यातली माणसं मात्र सावकाश बघा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तोफांच्या पुलाला फळ्या पुरल्या नाहीत म्हणून गोल ओंडके आडवे टाकले. त्यावरून गाड्यांची चाकं उडायची, हादरे खाली लाकडी घोड्यांना बसायचे, तळ गाळाचा, त्या खचायच्या. पूल पुन्हा पुन्हा तुटला आणि माणसं पुन्हा बर्फगार पाण्यात उतरली. काठावर तोफगाडे खोळंबलेले आणि खाली माणसं छातीभर पाण्यात, असं दिसलं तर ती बांधणी नव्हे, दुरुस्ती समजा.

नदी सलग गोठलेली दाखवली असेल तर तेही खोटं. मध्येच थंडी ओसरल्यामुळे बर्फ फुटला होता, लाद्या वाहत होत्या. गोठलेली असती तर पूल कशाला बांधला असता?

चित्राखाली 'इंजिनिअर' लिहिलं असलं तरी थांबा. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समुळे आपल्याला पूल म्हटला की सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअरच आठवतात. फ्रेंच फौजेत मात्र पूल बांधणारे पाँतोनिए 1894 पर्यंत तोफखान्याचे होते. एब्लेही तोफखान्याचाच.

शेवटी चित्राचं साल बघा. पोलिश चित्रकार यानुआरी सुहोदोल्स्कीचं बेरेझिनाचं चित्र 1866 चं. तो पुढे स्वतः सैन्यात होता खरा, पण 1812 मध्ये जेमतेम पंधरा वर्षांचा.