गोव्यात मेलानोमा मोजायला बसाल तेव्हा

मेलानोमावर, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगावर, प्रबंध घेतलात तर आधी एक हिशेब करा. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. भारतात या कर्करोगाचं वार्षिक प्रमाण लाखामागे एकाहून कमी आहे, ऑस्ट्रेलियात तिसाच्या वर. म्हणजे अख्ख्या गोव्यात वर्षाला पंधरासुद्धा नवे रुग्ण नाहीत. एक केसपेपर चुकला तरी सगळं प्रमाण हलतं.

म्हणून पत्ता नीट बघा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात सावंतवाडी-कारवारहूनही रुग्ण येतात. कागदावर म्हापशाच्या नातेवाइकाचा पत्ता असतो, माणूस मात्र तिकडचा. कर्करोग नोंदणीत किमान एक वर्षाचं वास्तव्य धरतात. उलट, थेट मुंबईला टाटात गेलेले आपले लोक निसटतात. तेही शोधावे लागतात.

माझ्या हाती सत्तरी तालुक्यातल्या एका आजोबांचा कागद आला. ‘उजवी टाच, काळा व्रण, आठ महिने.’ काजूच्या बागेत अनवाणी फिरणारा माणूस. काटा रुतला असेल, भोवरी असेल म्हणून ते ब्लेडने तासत राहिले. बायोप्सीच्या अहवालात ब्रेस्लो जाडी, म्हणजे गाठ त्वचेत किती खोल गेली त्याचं माप, ६ मिलिमीटर होती. ४च्या वर गेली की गाठ सर्वांत जाड गटात मोडते. गोऱ्या लोकांत हा रोग बहुतेक उन्हाने होतो. आपल्याकडे तो तळपायावर, तळव्यावर, नखाखाली जास्त दिसतो, आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. तपासणीला बसाल तेव्हा रुग्णाची चप्पल काढायला लावाच.

उपचारांच्या रकान्यात नुसतं ‘शस्त्रक्रिया’ लिहू नका. कडेची किती त्वचा काढली, रोग पसरताना जिथे आधी पोचतो ती जांघेतली पहिली लसिकाग्रंथी तपासली का, हे हवं. आणि वर्ष हवंच. प्रतिकारशक्तीला रोगाविरुद्ध जागं करणारी औषधं अलीकडची: अमेरिकेत २०११मध्ये इपिलिमुमॅब आलं, २०१४मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब. पसरलेल्या रोगातलं जगणं त्यानंतर बदललं, पण औषध महाग. ते रुग्णाला खरंच मिळालं का, हेही लिहा.

माझी मोठी चूक जगण्याच्या रकान्यात झाली. मृत्यूची नोंद सापडली नाही की मी ‘हयात’ लिहायचो. मार्गदर्शकांनी फोन करायला लावला. आजोबांच्या सुनेने उचलला. ‘‘बाबांना जाऊन या चवथीला दोन वर्षं होतील,’’ ती म्हणाली. ‘‘जांघेत गाठ आली होती. तुम्ही विचारायला फोन केलात, बरं वाटलं.’’

त्या रात्री मी सगळे ‘हयात’ पुन्हा उघडले. जे सापडले नाहीत त्यांच्यापुढे शेवटच्या भेटीची तारीख टाकली. हिशेबात ते तेवढेच दिवस धरायचे. फोन संध्याकाळी सातनंतर करा, घरचे परतलेले असतात. ‘आहेत का?’ असं कधीच विचारू नका. ‘डॉक्टरांकडे शेवटचं कधी नेलं होतं?’ असं विचारा, आणि मग घाई करू नका.