एंडोस्कोपीच्या व्हिडिओवर लाइव्ह विश्लेषण: आधी वायर, मग मॉडेल

लातूर, उदगीर, अंबाजोगाई या पट्ट्यातल्या एंडोस्कोपीच्या मशिनी मी सांभाळतो. कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीनं (स्कोपनं) मोठ्या आतड्याची तपासणी, चालू असतानाच पॉलिपभोवती, म्हणजे आतड्यातल्या गाठीभोवती, चौकट दाखवणारं सॉफ्टवेअर बसवून द्या, अशी मागणी आता तालुक्याचे डॉक्टरही करतात. तयार यंत्रं आहेतच. त्यातल्या जीआय जीनियसला अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक एफडीएनं 2021 मध्ये परवानगी दिली. पण शिकण्यासाठी फुकटच्या साधनांवरही चांगली जुळणी होते.

डॉक्टरांच्या मुख्य मॉनिटरची वायर अजिबात हलवायची नाही. एंडोस्कोपीच्या प्रोसेसरच्या, म्हणजे स्कोपचं चित्र तयार करणाऱ्या डब्याच्या, मागं एसडीआय किंवा डीव्हीआयचं (व्हिडिओ बाहेर काढायचं) एखादं आउटपुट बहुधा मोकळं असतं. तिथून व्हिडिओ पीसीत घेणारं कॅप्चर कार्ड, मग पीसी, मग दुसरा छोटा मॉनिटर. सोपं पडतं म्हणून काही जण पीसी प्रोसेसर आणि मुख्य मॉनिटरच्या मधेच बसवतात. तो हँग झाला आणि आत स्कोप असताना स्क्रीन काळी पडली, तर जबाबदार कोण? पीसीला वीज मेडिकल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधूनच (मेन लाइनपासून वीज वेगळी ठेवणारा) द्या, त्याची क्षमता आधी बघून. भिंतीतल्या बोर्डातून दिली की अर्थिंगच्या फरकानं चित्र बिघडू शकतं, आणि पेशंटजवळ लीकेज करंटचा (झिरपणाऱ्या विजेचा) धोका वेगळाच.

सॉफ्टवेअरमध्ये उबंटू (ऑपरेटिंग सिस्टीम), जीस्ट्रीमर (व्हिडिओ वाहून नेणारं), ओपनसीव्ही (चित्रावर काम करणारं) आणि पायटॉर्च (पॉलिप ओळखणारं एआय मॉडेल चालवणारं); एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर वेग वाढवायला टेन्सरआरटी. जुना एंडोस्कोपी प्रोसेसर पाल या जुन्या टीव्ही पद्धतीवर सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं) देतो, म्हणजे एका फ्रेमला 40 मिलिसेकंद. सेकंदाला 60 फ्रेम असतील तर जेमतेम 16. पाल असेल तर डीइंटरलेस (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं नीट जोडणं) करायला विसरू नका, नाहीतर स्कोप हलला की कडांना फणीसारखे दात फुटतात.

खरी गोम रांगेत आहे. समजा, फ्रेम दर 40 मिलिसेकंदाला येते आणि मॉडेलला 50 लागतात. फरक किरकोळ वाटतो. पण येणारी प्रत्येक फ्रेम रांगेत धरून ठेवली, तर मिनिटभरात 300 फ्रेम तुंबतात आणि स्क्रीनवरचं चित्र 12 सेकंद मागं पडतं. तोवर स्कोप आतड्याच्या पुढच्या वळणावर गेलेला असतो, आणि चौकट दाखवते मागचा पॉलिप. म्हणून जीस्ट्रीमरच्या ॲपसिंकमध्ये (फ्रेम मॉडेलकडं सोपवणारा भाग) ड्रॉप चालू, मॅक्स-बफर्स 1, सिंक बंद. शिळी फ्रेम टाकून द्या, ताजी घ्या.

उशीर मोजायला महागडं काही लागत नाही. मोबाइलवर शंभरांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावा आणि स्कोपच्या टोकासमोर धरा. दुसऱ्या मोबाइलनं दोन्ही मॉनिटर एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या जुळणीनं वाढवलेला उशीर. असे बरेच फोटो काढा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा. तो दीडशे मिलिसेकंदांच्या वर गेला तर मी जुळणी ताब्यात देत नाही.

ही चाचणी एप्रिल-मेच्या दुपारी, एसी बंद ठेवून परत करा. लाइट गेली की इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. ग्राफिक्स कार्ड तापतं आणि आपोआप वेग कमी करतं. रेकॉर्ड केलेला लांबलचक व्हिडिओ फिरवत ठेवा आणि तापमानावर नजर ठेवा.

मॉडेल शिकवायला खुले चित्रसंग्रह आहेत: क्वासिर-सेगमध्ये पॉलिपच्या 1000 प्रतिमा आहेत, सीव्हीसी-क्लिनिकडीबीमध्ये 612. क्वासिरच्या मूळ संग्रहातल्या काही चित्रांत कोपऱ्यात स्कोपची जागा दाखवणारी हिरवी चौकट असते. ती झाका, नाहीतर मॉडेल तिच्यावरूनच उत्तर द्यायला शिकेल. शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या फ्रेम वेगवेगळ्या पेशंटच्या हव्यात. एकाच व्हिडिओतल्या शेजारच्या फ्रेम दोन्हीकडं गेल्या, तर मिळणारे गुण उगं फुगलेले असतात. पॉलिपभोवतीची चौकट लुकलुकत असेल तर पाचपैकी तीन फ्रेममध्ये दिसल्यावरच दाखवा. अल्ट्रालिटिक्सचं योलो (तयार ओळखणारं मॉडेल) वापरणार असाल तर त्याचं एजीपीएल लायसन्स (आपला कोडही खुला करायला लावणारं) वाचा, विकायच्या वेळी ते आडवं येतं.

रेकॉर्डिंग करणार असाल तर स्क्रीनच्या कोपऱ्यातलं पेशंटचं नाव आणि वय डिस्कवर लिहिण्याआधीच कापून टाका, आणि पेशंटची लेखी संमती घ्या. सॉफ्टवेअर निदानासाठी द्यायचं असेल तर ते वैद्यकीय उपकरण ठरतं आणि सीडीएससीओची (केंद्रीय औषध-उपकरण नियामकाची) प्रक्रिया लागते. तोवर तो दुसरा मॉनिटर डॉक्टरांच्या नजरेआड, फक्त अभ्यासासाठी.

हीच जुळणी सोनोग्राफीला लावून द्या, असंही कुणीतरी विचारतंच. ती मशीन 1994 च्या, गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेली असते. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, त्यामुळं आपल्याकडं या मशिनींवर नजर का असते हे सांगायला नको. या कायद्याखालच्या समुचित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी समोर येईपर्यंत मी त्या मशिनीला कॅप्चर कार्डाची वायरसुद्धा लावत नाही.